तारीख नव्हे, चुका ठरवतात

डेबियन 13 ही लिनक्स प्रणाली 9 ऑगस्ट 2025 रोजी अधिकृतपणे बाहेर पडली. तिच्यात नवे बदल घेणं मात्र 15 मार्चपासूनच टप्प्याटप्प्यानं बंद होत गेलं होतं. मग मधले जवळजवळ पाच महिने ती घडवणारे स्वयंसेवक करत काय होते? या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातल्या कुठल्याही नव्या सोयीपेक्षा मोलाचं वाटतं.

त्यासाठी 1995 मध्ये जायला हवं. इयन मरडॉक या विद्यार्थ्यानं 1993 मध्ये सुरू केलेली डेबियन तेव्हा पहिल्या अधिकृत आवृत्तीच्या तयारीत होती. तेवढ्यात एका सीडी विक्रेत्यानं अर्धवट अवस्थेतली प्रणाली उचलली, तिला 1.0 म्हटलं आणि विकायला काढली. प्रकल्पानं मग तो आकडाच सोडून दिला. जून 1996 मध्ये थेट 1.1 आली, ‘बझ’ या नावानं. तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून नावं ‘टॉय स्टोरी’तली. सतत बदलणाऱ्या, कच्च्या शाखेचं नाव कायमचं ‘सिड’ आहे. सिड म्हणजे चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. इतकं चपखल नाव संगणकविश्वात मला दुसरं आठवत नाही!

नवं सॉफ्टवेअर आधी सिडमध्ये येतं. तिथं साधारण पाच दिवस नवा गंभीर दोष सापडला नाही आणि इतर पॅकेजेसशी, म्हणजे प्रणालीतल्या बाकीच्या सॉफ्टवेअरशी, त्याचं जुळलं, तर एक प्रोग्राम ते आपोआप ‘टेस्टिंग’ या पुढच्या आवृत्तीच्या शाखेत ढकलतो. पण गहू चाळले-पाखडले तरी खडे हातानंच निवडावे लागतात. प्रकाशन अडवणाऱ्या दोषांची यादी सर्वांसाठी खुली असते. एकेक दोष कुणीतरी स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहतं, कारण शोधतं, दुरुस्त करतं. दुरुस्त न होणारं पॅकेज बहुधा वगळलं जातं. ते पाच महिने या निवडण्यात गेले.

वाट पाहायला लावणं हा काही आपोआप गुण ठरत नाही. जुलै 2002 मधल्या आवृत्तीनंतरची पुढची, ‘सार्ज’, यायला जून 2005 उजाडला. नवा इन्स्टॉलर आणि सुरक्षा-दुरुस्त्यांची यंत्रणा लांबत गेली. दरम्यान डेबियनच्याच पायावर उबुंटू उभी राहिली, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचं वचन घेऊन. यातून डेबियनही शिकली. नवे बदल कधी थांबवायचे, हे कॅलेंडरनं ठरवायचं, असा निर्णय 2009 मध्ये झाला. प्रणाली बाहेर कधी पडणार, हे मात्र उरलेल्या दोषांवरच राहिलं. प्रकाशनाची तारीख जाहीर होते ती अगदी अखेरीस.

बातम्यांमध्ये नव्या सोयींची यादी येते. ‘हे पॅकेज आता नको’ असं सांगून रोष पत्करणाऱ्या रिलीज टीमबद्दल कुणी लिहीत नाही. प्रकाशनाच्या दिवशी पहिलं कौतुक त्यांचं व्हायला हवं. आणि वाट पाहणाऱ्यांनी नुसतं थांबू नये. डेबियन 14 म्हणजे ‘फॉर्की’च्या तयारीत, जुन्या लॅपटॉपवर टेस्टिंग शाखा चालवून पाहावी आणि बिघाड सापडला तर कळवावा. त्याला सभासदत्व लागत नाही, ईमेल पुरतो. आज नोंदवलेला दोष प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात सापडलेल्या दोषापेक्षा कितीतरी लवकर निकालात निघतो.