पेरणाऱ्याच्या मस्तकामागील सूर्य

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला आपण प्रवचनांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून वारंवार विशद करतो. बी म्हणजे वचन आणि भूमी म्हणजे श्रोत्यांची अंतःकरणे, हा अर्थ स्वतः शुभवर्तमानानेच दिलेला असल्याने तो निःसंशय ग्राह्य आहे. परंतु अर्थ हाती लागताच जो मनुष्य पेरावयास निघाला तो आपल्या दृष्टीआड होतो, असा अनुभव येतो. पेडणे तालुक्यातील पार्शासारख्या गावी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीचा चिखल तुडविला, त्यांच्यापुढे हा दाखला सांगताना ही उणीव विशेष जाणवते. तिचा विचार करण्यास एका चित्राचे साहाय्य होईल.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) हा एका धर्मोपदेशकाचा पुत्र. १८७९ मध्ये बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात त्याने खाणकामगारांमध्ये उपदेशकाचे कार्य केले. मात्र त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. तो चित्रकलेकडे वळला, तरी पेरणाऱ्याच्या आकृतीने त्याचा पिच्छा सोडला नाही. फ्रेंच चित्रकार मिले याचे १८५० मधील ‘पेरणारा’ हे चित्र त्याने आदर्श मानले होते. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे त्याने हा विषय पुन्हा हाती घेतला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील एक चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

चित्र लहानसेच आहे. जांभळट निळी नांगरलेली जमीन, हिरवट पिवळे आकाश, एक तिरपे झाड आणि क्षितिजावर अवाढव्य पिवळा सूर्य. पेरणारा काळोख्या आकृतीसारखा दिसतो; त्याचा चेहरा ओळखू येत नाही. पण सूर्य नेमका त्याच्या मस्तकामागे आला आहे. जुने चित्रकार संतांच्या मस्तकाभोवती जे प्रभामंडल रेखाटीत, ते येथे सूर्यानेच दिले आहे. प्रभामंडलाने पूर्वी जे शाश्वत तत्त्व सूचित होई, ते आपणास रंगांच्या तेजाने व्यक्त करावयाचे आहे, असे त्याने त्याच वर्षी आपल्या बंधूस कळविले होते.

दृश्य वस्तूच्या द्वारे अदृश्य आशय सूचित करू पाहणारा प्रतीकवाद फ्रान्समध्ये १८८६ च्या सुमारास जाहीरनाम्यासह पुढे आला. व्हॅन गॉगने त्या पंथाची दीक्षा घेतली नव्हती. तथापि १८९० च्या जानेवारीत आल्बेर ऑरिये या समीक्षकाने त्याची गणना प्रतीकवाद्यांत केली. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. प्रतीक आशयाकडे नेते आणि कित्येकदा मूळ वस्तू गळून पडते. या चित्रात तसे घडत नाही. हा मनुष्य शेवटपर्यंत शेतकरीच राहतो, आणि पेरीत असतानाच त्याच्या मस्तकी तेज येते.

पवित्र शास्त्राची दृष्टीही हीच आहे. मनुष्यास बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात येते. घामाची व काट्याकुसळांची गोष्ट तिसऱ्यात. म्हणजे श्रम हा शाप नव्हे. शापाने त्यात क्लेश आला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला: श्रमाचे मोल प्रथमतः काम कोणते यावर नव्हे, तर ते करणारी व्यक्ती आहे यावर ठरते. मिस्साबलीतील अर्पणाच्या प्रार्थनेतही भाकरीला भूमीचे फळ व मानवी हातांचे काम मानले आहे. ते हात विसरून वेदीपाशी येणे बरे नव्हे.

आपल्याकडील चित्र अर्थातच निराळे असेल. वाफ्यात तरवा वाढवून मग लावणी करावयाची, व तीही बहुधा कमरेत वाकलेल्या स्त्रियांनी. आषाढात सूर्याचे दर्शन दुर्मीळ. प्रभामंडलाची जागा तेथे इरल्यावर कोसळणारा पाऊसच घेईल. बी वाटेवर कसे पडते हे समजावताना मुठीने बी फेकण्याची पद्धत मुलांना सांगावी लागेल. पण मेर, चिखल आणि तण त्यांना सांगावे लागू नयेत.

‘लागू नयेत’ असे म्हणण्यास कारण आहे. २०२३ च्या जानेवारीपासून पेडण्यातील मोपा येथून विमानांची ये-जा सुरू झाली. तरुणांपुढे निराळे व्यवसाय आले. त्यांत अनुचित काही नाही. परंतु हाताने काम करणारा मागे राहिलेला, अशी भावना जर घरात शिरली, तर आपल्या प्रवचनाने तिला खतपाणी घालू नये.

म्हणून धर्मशिक्षकांस एक सूचना. हे चित्र वर्गात दाखवावे. हा मनुष्य काय करीत आहे, हे प्रथम विचारावे. सूर्य कोठे आहे, हे त्यानंतर. मग दाखला वाचावा आणि वचनाचा अर्थ सांगावा. गोव्याच्या अनेक धर्मग्रामांत ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते, धर्मगुरू नव्या कणसांना आशीर्वाद देतात. त्या दिवशीच्या प्रवचनात कणसांबरोबर ती पिकविणाऱ्यांचाही उल्लेख व्हावा, आणि विश्वासू जनांच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी एक विनंती असावी.