आवडीचे पदार्थ सकस कसे करावेत?

पावसाची झड लागली की थालीपीठ, रानातून दमून आल्यावर पिठले-भाकरी, आजारातून उठलेल्या माणसास मऊ खिचडी आणि सणाला पुरणपोळी, ही आपल्या खेड्यापाड्यांतील घरांची रीत आहे. या पदार्थांनी केवळ पोट भरत नाही, मनही निवते. आहारसुधारणेचा विषय निघाला म्हणजे मात्र पहिली गदा बहुधा याच पदार्थांवर येते. ‘हे खाऊ नका, ते सोडा’ असे सांगितले जाते. लोक ते मुकाट्याने ऐकून घेतात आणि घरी गेल्यावर पूर्वीप्रमाणेच स्वयंपाक करतात. वास्तविक आवडीचा पदार्थ टाकून देण्याचे कारण नाही. त्यातील पीठ, तेल, मीठ, गोड आणि जोडीचे तोंडीलावणे यांकडे लक्ष दिले तर तोच पदार्थ सकस होतो.

या प्रश्नाची निकड आकड्यांवरून ध्यानात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांच्या आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांच्या रक्तात लोहद्रव्य असणारे हिमोग्लोबिन कमी आढळले. दुसरीकडे, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रोगी आहेत. मधुमेह हा शहरी सुखवस्तू लोकांचा रोग ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. एकाच घरात सून रक्तक्षयाने थकलेली आणि सासरा मधुमेहाने त्रस्त, असे चित्र खेड्यातही दिसते. दोघांचे जेवण एकाच चुलीवर शिजत असल्यामुळे सुधारणेची सुरुवातही त्या चुलीपासून व्हावयास हवी.

धान्य बदलले, पदार्थ तोच राहिला

पदार्थाचे नाव तेच राहते, परंतु त्यातील धान्य हळूहळू बदलते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा पांढऱ्या भाताने घेतली, घरच्या पिठाच्या जागी मैदा आला आणि मुलांच्या न्याहारीत चहाबरोबर बिस्किटे आली. या बदलात काय गमावले गेले, हे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांवरून समजते. दर १०० ग्रॅम कच्च्या धान्यातील प्रमाण स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहे :

बाजरी – लोह ६.४ मिलिग्रॅम, तंतुमय भाग ११.५ ग्रॅम
ज्वारी – लोह ४ मिलिग्रॅम, तंतुमय भाग १०.२ ग्रॅम
नाचणी – लोह ४.६ मिलिग्रॅम, तंतुमय भाग ११.२ ग्रॅम, चुना (कॅल्शियम) ३६४ मिलिग्रॅम
सडलेला पांढरा तांदूळ – लोह ०.६५ मिलिग्रॅम, तंतुमय भाग २.८ ग्रॅम, चुना ७.५ मिलिग्रॅम
मैदा – लोह १.८ मिलिग्रॅम, तंतुमय भाग २.८ ग्रॅम

भरड धान्यांचे हे गुण सर्वत्र मान्य झाले असून भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तथापि धान्यात लोह आहे म्हणजे ते सर्व शरीरास मिळते असे नाही. धान्य व कडधान्य यांतील फायटेट नावाचे द्रव्य लोहास अडवून ठेवते. धान्य भिजविले, मोड आणले किंवा आंबविले म्हणजे हा अडसर कमी होतो. लिंबू, कैरी, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. चहाचा परिणाम याच्या उलट होतो. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेऊ नये. निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

थालीपीठ

मिश्र धान्ये व डाळी यांचा मेळ थालिपिठाच्या भाजणीत आयताच साधलेला आहे. तृणधान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो मेथिओनिन कमी पडतो तो धान्यातून मिळतो. दोन्ही एकत्र आली म्हणजे प्रथिनांचा कस वाढतो. घरच्या भाजणीसाठी ज्वारी ४ भाग, बाजरी २ भाग, गहू १ भाग, हरभरा डाळ २ भाग, उडीद १ भाग, मटकी किंवा मूग १ भाग व धने अर्धा भाग असे प्रमाण घ्यावे. प्रत्येक धान्य निरनिराळे, मंद आचेवर, वास सुटेपर्यंतच भाजावे. करपल्यास चवीबरोबर प्रथिनांचा कसही उतरतो. निवल्यावर दळून आणावे. बाजरीचे कच्चे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होऊ लागते. भाजलेल्या बाजरीचे पीठ त्या मानाने अधिक टिकते.

पीठ मळताना दर दोन वाट्या भाजणीस एक वाटी बारीक चिरलेली मेथी, चाकवत, पालक किंवा शेवग्याची कोवळी पाने घालावीत. तेलाचा हात मात्र आवरावा. एका थालिपिठास तीन चमचे तेल सोडण्याची सवय पुष्कळ घरांत असते. तवा चांगला तापवून, झाकण ठेवून, मंद आचेवर भाजल्यास एक चहाचा चमचा तेल पुरते आणि थालीपीठ खमंगही होते. पाच माणसांच्या घरात दहा थालिपिठे लागली तर एका वेळेस २० चमचे, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर तेल वाचते. वाढताना लोण्याच्या गोळ्याऐवजी दही आणि लिंबाची फोड द्यावी.

पिठले-भाकरी

डाळीचे पीठ आणि भाकरी ही जोडी मुळातच उत्तम आहे. उणीव असते ती पालेभाजीची. पिठल्यात शेवग्याचा पाला, कांद्याची पात किंवा मेथी मूठभर घातल्यास चव बिघडत नाही. कोकणात कुळथाचे पिठले करतात, तेही तितकेच सकस आहे. फोडणीस तेल मोजून घ्यावे व मीठ बेताने घालावे. लसूण, जिरे, कोथिंबीर आणि आंबट ताक यांमुळे मिठाची उणीव भासत नाही. भाकरीचे पीठ चाळून कोंडा टाकून देण्याची पद्धत सोडावी.

बाजरी खाणाऱ्या भागात वाणाच्या निवडीनेही आहार सुधारता येतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादनजीकची इक्रिसॅट संस्था यांनी तयार केलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण अधिक लोहासाठी निवडलेला आहे. अशा वाणाची भाकरी नेहमीच्या भाकरीसारखीच होते. खाणाऱ्याला कोणतीही सवय बदलावी लागत नाही.

खिचडी आणि उपवास

तांदळाच्या खिचडीत डाळ नावापुरती घातली जाते. दोन वाट्या तांदळास एक वाटी सालीची मूगडाळ घ्यावी व गाजर, दुधी, भोपळा यांपैकी मिळेल ती भाजी घालावी. मराठवाड्यात व विदर्भात पूर्वापार चालत आलेल्या ज्वारीच्या कण्या काही तास भिजवून, मूगडाळीबरोबर मऊ शिजविल्या तर तांदळाची आठवण होत नाही. वर ताक घेतले म्हणजे उन्हाळ्यातही त्या पचनास सोप्या जातात.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. तेल-तूप कमी करण्याचा नियम मोठ्या माणसांसाठी आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाचे पोट लहान असते, परंतु वाढीसाठी त्यास ऊर्जा भरपूर लागते. म्हणून बाळाच्या मऊ खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल घालणेच योग्य होय. पहिल्या वर्षात बाळाच्या अन्नात मीठ व साखर घालू नये. घरातील थोरांचे पथ्य लहानग्यावर लादले जात नाही ना, हे माउलीने पाहावे.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी सर्वांची लाडकी. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातील पिष्टापासून बनतो. त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. दाण्याच्या कुटामुळे तिला थोडाफार कस येतो. एका उपवासाला साबुदाणा आणि दुसऱ्या उपवासाला वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, अशी पाळी लावावी. राजगिऱ्याचे पीठ व दही यांचाही उपयोग करावा. मधुमेहाच्या रोग्याने मात्र साबुदाणा शक्यतो टाळावा, आणि औषध चालू असताना उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भजी, वड्या आणि तळण

तळलेले पदार्थ बंद करा असे सांगून ते बंद होत नाहीत. त्यांचे वार कमी करावेत व रीत सुधारावी. तेल पुरेसे तापण्यापूर्वी भजी सोडली तर ती तेल पितात. धूर येईपर्यंत तापविले तर तेल बिघडते. एकदा तळणास वापरलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीस घेऊ नये. म्हणून कढईत तेल बेताचेच घ्यावे आणि उरलेले गाळून एक-दोन दिवसांत फोडणीस संपवावे. काळे, चिकट किंवा फेसाळ झालेले तेल टाकून द्यावे.

अळूवडी व कोथिंबीर वडी प्रथम वाफवूनच करतात. वाफवलेल्या वड्या तळण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात परतल्यास चव तीच राहते. भज्यांचे पीठ आप्पेपात्रात घालून केलेली कांद्याची किंवा मेथीची ‘आप्पे-भजी’ मुलांनाही आवडतात. पापड, लोणचे व कुरडया यांतून पोटात जाणारे मीठ बहुधा कोणी मोजत नाही. रक्तदाबाच्या रोग्याने ते विशेष जपून खावे.

गोडाधोडाचे

पुरणपोळीस मैदा लागतोच असे नाही. गव्हाचे पीठ बारीक दळून, कणीक चांगली तिंबून मुरू दिली म्हणजे पोळी फाटत नाही. डाळीइतकाच गूळ घालण्याऐवजी चार वाट्या डाळीस तीन वाट्या गूळ घ्यावा. वेलची-जायफळाने गोडी खुलते. डाळ शिजविलेले पाणी फेकू नये, त्याची कटाची आमटी करावी.

गुळासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गूळ हा साखरेपेक्षा निराळा पदार्थ असला तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. त्यातील लोहावर भिस्त ठेवून तो वाटेल तितका खाणे हिताचे नाही आणि मधुमेह्यास तर गुळाची मुभा मुळीच नाही.

नाचणीच्या सत्वाबाबतही असाच विचार करावा. नाचणी भिजवून, वाटून, कपड्यातून गाळून केलेले सत्व पांढरेशुभ्र दिसते. परंतु नाचणीतील चुना मुख्यत्वे तिच्या सालपटात असतो आणि तो चोथ्याबरोबर टाकला जातो. त्याऐवजी नाचणीला मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळावी व ते पीठ सालीसकट वापरावे. त्याची लापशी, आंबील व लाडू उत्तम होतात.

महिन्याचा हिशेब

किती तेल-मीठ पोटात जाते, हे पाहण्यास तराजूची गरज नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर दर माणशी दररोज सुमारे ३० ग्रॅम तेल पडते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. त्या हिशेबाने पाच मोठ्या माणसांना सर्व मिळून महिन्यास पाऊण किलो मीठही फार झाले. डबा व पुडी फोडल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवली म्हणजे हा हिशेब आपोआप होतो.

ताटाची सोय शेतात

वरील सर्व सुधारणा टिकाव्यात असे वाटत असेल तर पेरणीचे नियोजन करतानाच घरच्या ताटाचा विचार झाला पाहिजे. सोयाबीन, कापूस किंवा ऊस यांचे पैसे येतात हे खरे; पण सारे रान नगदी पिकाखाली गेले म्हणजे ज्वारी, तूर, तीळ विकत घ्यावी लागतात आणि हात आखडू लागला की प्रथम त्यांनाच काट बसतो. दर माणशी दररोज २०० ग्रॅम ज्वारी धरली तर पाच माणसांना वर्षास ३६५ किलो, म्हणजे सुमारे पावणेचार क्विंटल ज्वारी लागते. आपल्या रानाच्या उताऱ्यावरून तेवढा तुकडा रब्बीत घरासाठी राखून ठेवावा. खरिपात पिकाच्या ओळींत तूर, बांधाला अंबाडी व तीळ आणि परसात शेवगा, कढीलिंब व लिंबू लावावे. ज्वारीच्या कडब्याने जनावरांचीही सोय होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर भाषणापेक्षा प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडते. अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत एकाच भाजणीची दोन प्रकारची थालिपिठे करावीत. एक नेहमीच्या तेलात, दुसरे चमचाभर तेलात व पालेभाजी घालून. कोणते कोणते हे न सांगता चाखावयास द्यावीत व मग मते विचारावीत. बैठकीस पुरुषांनाही बोलवावे, कारण तेलाचा डबा, किराणा आणि पेरणी यांचा निर्णय पुष्कळदा त्यांच्या हाती असतो. एका वेळी एकच सुधारणा सांगावी. ती घरात रुळली म्हणजे दुसरी सुचवावी. ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन फार कमी आहे त्यांना केवळ आहारावर न ठेवता आरोग्य केंद्राकडे पाठवावे. लोहाच्या गोळ्यांची जागा भाकरी घेऊ शकत नाही.

आवडीचा पदार्थ हिरावून घेतला तर माणूस सुधारणेकडेच पाठ फिरवितो. तोच पदार्थ अधिक सकस होऊन ताटात आला तर तो आनंदाने खातो. घरातील थकलेल्या सुनेच्या अंगी बळ यावे आणि वडीलधाऱ्यांचा रोग आटोक्यात राहावा यासाठी येत्या हंगामात शेतकरी कुटुंबांनी दोन गोष्टी कराव्यात : ज्वारी-बाजरीचा एक तुकडा घरासाठी पेरावा आणि तेलाच्या डब्यावर तारीख लिहावी.