जन्मतः अन्ननलिका तुटलेली मुले : त्यांना पळू द्यावे का?



आपल्या अंकात लागण, खोडवा, साखर उतारा यांवरच जास्त लिहिले जाते. आज विषय पोराबाळांचा आहे. दुखणे दुर्मिळ, साधारण तीन-चार हजार जन्मांत एखाद्या बाळाला होणारे. पण ज्याच्या घरी असे पोर आहे, त्याला एकच प्रश्न पडलेला असतो. ऑपरेशन झालं, पोर वाचलं, आता त्याला पळू द्यायचं की नाही?

घशातून पोटात जाणारी अन्ननलिका काही बाळांत मध्येच तुटलेली असते. वरच्या तुकड्याचे तोंड बंद, आणि खालचा तुकडा बहुतेकदा श्वासनलिकेला जोडलेला. जन्मताच तोंडातून फेस येतो, पहिल्याच दुधाला ठसका लागून बाळ निळे पडते. पूर्वी अशी बाळे जगत नसत. १९४१ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. कॅमेरॉन हेट यांनी दोन्ही टोके एकाच ऑपरेशनात जोडली आणि बाळ जगले. आज जिथे चांगली सोय आहे तिथे यातली बहुतेक बाळे वाचतात.

मग पुढे दम का लागतो? अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भात एकाच नळीतून तयार होतात. त्यामुळे या मुलांची श्वासनलिकाही पुष्कळदा मऊ राहते. इंजिनाच्या सक्शनला मऊ पाइप लावला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. तो चपटा होतो आणि पाणी येत नाही, म्हणून तिथं कडक पाइप लागतो. पळताना मूल जोराने श्वास सोडते, तेव्हा छातीतल्या दाबाने ही मऊ नळी तशीच दबते. भुंकल्यासारखा खोकला येतो तोही यामुळेच. शिवाय पोटातले आंबट वर येणे, लहानपणी वारंवार होणारा न्यूमोनिया, छाती उघडल्यामुळे काहींचा पाठीचा कणा वाकणे, हे सगळे दमाला मारक.

तरी चित्र घाबरण्यासारखे नाही. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी अशा मुलांना आठव्या वर्षी फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिले. या तपासणीत दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवतात, आणि मूल किती वेळ टिकते ते मोजतात. ही मुले सरासरीने इतरांपेक्षा लवकर थकली. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र बहुतेकांची ताकद चारचौघांसारखीच भरली. फुंकर मोजण्याच्या तपासणीत आकडा बरा आला म्हणजे पळण्यात दम टिकेलच, असेही नाही.

माझे मत विचाराल तर थोडा दोष घरच्यांच्या मायेचाही आहे. आजी म्हणते, "नको रे पळू, बस इथं." आणि बसून राहिलेलं पोर आणखी लवकर थकतं!

यातल्या बऱ्याच मुलांना हृदयाचाही दोष असतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. डॉक्टरांनी मोकळीक दिली की सायकल, खो-खो, लंगडी, काहीही खेळू द्यावे. थकले तर आपले आपण थांबेल. पोटभर जेवल्यावर लगेच उड्या नकोत. भाकरी कालवून, बारीक चावून, पाण्याच्या घोटाबरोबर खाऊ द्यावी. गुरुजींना सगळे सांगून ठेवावे, नाहीतर खेळाच्या तासाला ते पोराला झाडाखाली बसवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत येते, त्यांनाही जुन्या ऑपरेशनचे कागद दाखवावेत. ओठ निळे पडले, चक्कर आली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा घास अडकून थुंकीही गिळेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि धूर. पाचट पेटवू नका असे जमिनीसाठी सांगितले जातेच, पण मऊ नळीच्या पोराला तो धूर फार बाधतो. शेजारच्याने फड पेटवला असेल त्या दिवशी अशा मुलाला रानाकडे नेऊ नये, आणि आपले पाचट तर सरीतच कुजू द्यावे.