पाण्याच्या गर्दीत फॉस्फेटचा नंबर कसा लागतो?

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, हे आपण शाळेत शिकलो. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. एकाच पदार्थावर पाणी आणि फॉस्फेट असे दोघे टपलेले असतील, तर तो कुणाच्या हाती लागणार, हे ठरतं कसं?

आपलं उदाहरण आहे कार्बीन. कार्बनला एरवी चार बंध असतात. कार्बीनमधल्या कार्बनला दोनच शेजारी असतात, आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते. असा कार्बन पाण्यात टिकायचा नाही. तो लगेच पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेईल. तरीही सजीवांनी तो वापरलेला आहे. थायामिन, म्हणजे आपलं ब-१ जीवनसत्त्व, हेच काम करतं. त्याच्या कड्यात गंधक आणि नायट्रोजन यांच्यामध्ये बसलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, हे रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1950च्या दशकात दाखवलं. तो सुटला की तिथे कार्बीनसारखा कार्बन तयार होतो.

आता अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात जाऊ. तिथल्या बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंकडे फॉस्फोकेटोलेज नावाचं एन्झाइम असतं. त्यातलं कार्बीन फ्रुक्टोज-६-फॉस्फेट या साखरेला पकडतं. साखर तुटते, दोन कार्बनांचा तुकडा कार्बीनवर राहतो, त्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरतो असिटिल गट.

खरी चुरस इथे आहे. असिटिल पाण्याने उचललं, तर नुसतं असिटेट बनतं आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. फॉस्फेटने उचललं, तर असिटिल फॉस्फेट बनतं. त्याच्या जलविघटनात सुमारे 43 किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा मोकळी होते. एटीपीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे 30 आहे. म्हणून असिटिल फॉस्फेट आपला फॉस्फेट एडीपीला देऊन एटीपी बनवू शकतं.

पण पेशीत फॉस्फेटच्या हजारो पट पाणी आहे. मग पाणी का जिंकत नाही? कार्बीन असिटिलला फक्त सुटण्याजोगं करून ठेवतं, निवड करत नाही. एन्झाइमशिवाय नुसत्या पाण्यात असं असिटिल पाण्याच्याच वाट्याला जातं. निवड करतो तो एन्झाइमचा खळगा. तिथे फॉस्फेटला नेमकी जागा राखलेली आहे, त्यामुळे गर्दी असूनही त्याचा नंबर आधी लागतो.

एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. उत्प्रेरक समतोल बदलत नाही. असिटिल फॉस्फेटही पाण्यात सोडून दिलं, तर शेवटी असिटेट आणि फॉस्फेटच होणार. शेवट तोच, फरक पडतो तो वाटेत. ऊर्जा वाया जाण्याआधी तिचं काम करून घ्यायला जिवाणूला सवड मिळते.

या सवडीची किंमत मोजता येते. नेहमीच्या लॅक्टिक किण्वनात दोन ग्लुकोजमागे चार एटीपी मिळतात. बायफिडोबॅक्टेरियमच्या या मार्गाने पाच. त्या जादा एटीपीमागे पाण्याला थोपवून धरणारा तो खळगा आहे.

आपल्या शरीरातही हेच कार्बीन राबतं. पायरुवेट डिहायड्रोजिनेजमध्ये ते असिटिल फॉस्फेटला न देता गंधकाला देतं. आहारात थायामिन कमी पडलं की बेरीबेरी होतो, त्यामागे अशाच अडलेल्या अभिक्रिया असतात.