मुलांनी मुलांचा निवाडा करायचा, म्हणजे नेमकं काय?

दुकानातून वस्तू उचलणं, भिंती रंगवून खराब करणं, शाळेतली मारामारी, कमी वयात दारू पिणं. अमेरिकेत अशा पहिल्यावहिल्या गुन्ह्यांत सापडलेली हजारो मुलं नेहमीच्या बाल न्यायालयात न जाता 'टीन कोर्ट' किंवा 'यूथ कोर्ट'मध्ये जातात. तिथे वकील आणि ज्यूरी त्यांच्याच वयाचे असतात. टेक्सासमधल्या ओडेसा शहरात १९८३ साली सुरू झालेलं टीन कोर्ट अनेकांसाठी नमुना ठरलं, आणि पुढच्या पंचवीसएक वर्षांत अशा न्यायालयांची संख्या हजारावर गेली. त्यांच्याविषयीचे गैरसमजही तितकेच पसरले आहेत.

गैरसमज : हा शाळेतल्या अभिरूप न्यायालयासारखा सराव आहे.

वस्तुस्थिती : प्रकरण खरं असतं आणि शिक्षाही खरी. पोलीस, शाळा किंवा बाल न्यायालय ते पाठवतं. मुलगा आणि पालक राजी असतील तरच सुनावणी होते. ठरलेल्या मुदतीत शिक्षा पूर्ण केली, तर बहुतेक ठिकाणी आरोप मागे घेतला जातो. टाळाटाळ केली, तर प्रकरण नेहमीच्या यंत्रणेकडे परत जातं.

गैरसमज : कोण दोषी, हे कोवळी मुलं ठरवतात.

वस्तुस्थिती : बहुतेक यूथ कोर्टांत गुन्ह्याची कबुली ही प्रवेशाचीच अट असते. त्यामुळे पुरावे आणि साक्षीदारांची उलटतपासणी फारशी नसते. प्रश्न एकच उरतो : झालेलं नुकसान भरून कसं काढायचं?

गैरसमज : मोठ्यांचं लक्षच नसतं.

वस्तुस्थिती : सर्वांत रूढ पद्धतीत न्यायाधीशाच्या खुर्चीवर प्रौढ व्यक्ती बसते, वकील आणि ज्यूरी मुलं असतात. काही ठिकाणी मात्र न्यायाधीशही मुलंच. अलास्कातल्या अँकरेज यूथ कोर्टात तीन विद्यार्थी न्यायाधीशांचं पीठ बसतं. तिथे काम करण्याआधी मुलांना कायद्याचा वर्ग करावा लागतो आणि वकिलीच्या परीक्षेसारखी परीक्षा द्यावी लागते. सुनावणीत ऐकलेलं बाहेर न बोलण्याची शपथही सदस्यांना घ्यावी लागते.

गैरसमज : मुलं मुलांना सहज सोडून देतात.

वस्तुस्थिती : समजा, चौदा वर्षांच्या मुलीने दुकानातून लिपस्टिक उचलली. ज्यूरीतली मुलं विचारतात : पर्समध्ये पैसे होते का? बरोबर कोण होतं? त्याच मैत्रिणी उद्या पुन्हा त्याच दुकानात घेऊन गेल्या तर काय करशील? आईला कसं कळलं, आणि त्यानंतर घरात काय झालं? मोठ्यांपुढे पाठ केलेली उत्तरं इथे चालत नाहीत, कारण विचारणारे त्याच वयाचे आणि तशाच दबावाखाली वावरणारे असतात. मग ज्यूरी बाजूच्या खोलीत जाऊन चर्चा करते आणि शिक्षा ठरवते : काही तास समाजसेवा, दुकानदाराला माफीपत्र, भरपाई, निबंध किंवा समुपदेशनाचा वर्ग. तुरुंगात पाठवण्याचा अधिकार तिला नसतो.

बऱ्याच ठिकाणी यात आणखी एक अट असते, ज्यूरीच्या पाळीची. शिक्षा झालेल्या मुलीला पुढच्या काही सुनावण्यांत ज्यूरीत बसावं लागतं. 'सगळेच करतात' ही सबब तिने स्वतः दिलेली असते, म्हणून दुसऱ्याच्या तोंडून आली की ती लगेच ओळखते. आणि जिला जाब द्यावा लागला, तिच्याच मताला आता किंमत दिली जाते. या पद्धतीचं खरं बळ मला इथे दिसतं.

गैरसमज : म्हणजे निबंध लिहा आणि सुटा.

वस्तुस्थिती : निबंध म्हटलं की आपल्याला पुण्याचं प्रकरण आठवतं : मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली. लोकांचा संताप रास्त होता. पण ती जामिनाची अट होती, आणि तो आदेश बाल न्याय मंडळाचा होता. आपल्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे या मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, समवयस्क मुलं नसतात. यूथ कोर्टाचं क्षेत्र किरकोळ गुन्ह्यांचं आहे. जीव गेलेलं प्रकरण तिथे नेण्याचा प्रश्नच येत नाही.

गैरसमज : यामुळे मुलं हमखास सुधारतात.

वस्तुस्थिती : अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने २००२ मध्ये चार राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यूथ कोर्टातून गेलेल्या मुलांत सहा महिन्यांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण अलास्कात ६ टक्के निघालं. नेहमीच्या प्रक्रियेतून गेलेल्या तशाच मुलांत ते २३ टक्के होतं. मिसूरीत हेच आकडे ९ आणि २८ होते. मेरीलँडमध्ये मात्र पोलिसांच्या सुधार-कार्यक्रमातली मुलं किंचित सरस ठरली, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. थोडक्यात, हा रामबाण उपाय नाही. चालवणाऱ्यांच्या कामावर बरंच अवलंबून असतं.

आपल्या कायद्यातही समुपदेशन आणि समाजसेवेचे आदेश देण्याची तरतूद आहे. ते आदेश कागदावर राहू नयेत असं वाटत असेल, तर यूथ कोर्टाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी : चुकलेल्या मुलाला स्पष्ट जाब विचारायचा आणि शिक्षा पूर्ण होताच त्याच्यावर जबाबदारीचं काम सोपवायचं. जाब विचारून थांबलो, तर मूल फक्त अपमान लक्षात ठेवतं.