मजुरी न मिळणारे कामही कामच होय

गावातील कुटुंबांची माहिती नोंदविताना "घरातील बाई काय करतात?" असे विचारले, की बहुधा एकच उत्तर मिळते : "काही नाही, घरीच असतात." उत्तर देणाऱ्याच्या मनात काही वाईट असते असे नव्हे. ज्या कामाचा पैसा हाती पडत नाही, ते काम नव्हे, अशी आपणा सर्वांचीच समजूत होऊन बसली आहे. ही समजूत चुकीची तर आहेच. शिवाय ती शेतीच्या उत्पन्नास मारक आहे.

प्रस्तुत लेखकास याचा धडा हरभऱ्याच्या एका हंगामात मिळाला. गावच्या चावडीवर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतले. प्रथम बुरशीनाशक चोळावे. त्यानंतर दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम या प्रमाणात रायझोबियम जिवाणू संवर्धक, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून, हलक्या हाताने लावावे. बियाणे सावलीत वाळवून लगेच पेरावे, हे सर्व समजावून सांगितले. उपस्थिती चांगली होती; मात्र सारे पुरुषच होते. पुढे पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास रोपे उपटून पाहिली, तो काही शेतांत मुळांवरील गाठी अगदीच तुरळक आढळल्या.

चौकशीअंती उलगडा झाला. बियाणे निवडणे, राखणे व पेरणीसाठी तयार करून देणे हे त्या घरांतून स्त्रियांचे काम होते. त्यांच्यापर्यंत "हे औषध बियाण्याला लावा" एवढाच निरोप पोचला होता. त्यांनी दोन्ही पुड्या एकत्र कालविल्या आणि बियाणे उन्हात पसरले. अशाने संवर्धकातील जिवाणू मरतात. दोष त्या भगिनींचा नव्हता. ज्यांचे काम, त्यांनाच आम्ही बोलाविले नव्हते. कारण ते काम आमच्या हिशेबातच नव्हते.

शेतकऱ्याच्या घरातील एक दिवस पाहा. पहाटे शेण काढणे, धार काढणे, पाणी भरणे, स्वयंपाक. नंतर शेतात भाकरी नेऊन तेथेच खुरपणी. परतताना वैरणीचा भारा व सरपण. संध्याकाळी पुन्हा गोठा व चूल. शिवाय मुलांचे व वृद्धांचे सारे करणे. यांतील एकेक काम मजुरीने करून घ्यावयाचे ठरविल्यास किती खर्च येईल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी मांडून पाहावा.

2013 साली जिनिव्हा येथे भरलेल्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कामाची व्याख्या स्पष्ट केली. इतरांसाठी वा स्वतःच्या कुटुंबासाठी वस्तू निर्माण करणे किंवा सेवा देणे म्हणजे काम. मोबदल्यासाठी वा नफ्यासाठी केलेले काम म्हणजे रोजगार. म्हणजे रोजगार हा कामाचा केवळ एक प्रकार ठरतो. आपल्या देशात 2024 साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणातही, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे देतात, असे आढळले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

1. माहिती घेताना "काय करता?" एवढेच न विचारता गोठा, बियाणे, खुरपणी, साठवण ही कामे कोण करते, असे एकेक विचारावे.

2. जे काम ज्याच्या हातचे, त्याचे प्रशिक्षण त्यालाच द्यावे. बियाणे व जनावरे यांविषयीच्या प्रात्यक्षिकास स्त्रियांना आवर्जून बोलवावे.

3. प्रात्यक्षिकाची वेळ व जागा त्यांच्या सोयीने ठरवावी. सकाळी चुलीच्या वेळी चावडीवर बोलाविल्यास कोणीही येऊ शकणार नाही.

शेतकरी बांधवांसही एक विनंती आहे. केंद्र शासनाच्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात केवळ जमीनधारक नव्हे, तर शेतमजूर व पशुपालक यांचाही समावेश केला आहे. तरीही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीस पीककर्ज वा योजनेचा लाभ मिळविताना अडचणी येतात. घरचा कर्ता गेल्यावर तर त्या अधिकच जाणवतात. तेव्हा पत्नीचे नाव उताऱ्यावर लावण्याबाबत तलाठ्याकडे वेळीच चौकशी करावी.

आम्ही पुढील हंगामात तेच प्रात्यक्षिक दुपारच्या वेळी, एका घराच्या अंगणात घेतले. आलेल्या भगिनींनी स्वतःच्या हाताने बियाण्यास संवर्धक लावले आणि आम्हांस सुचले नव्हते असे कितीतरी प्रश्न विचारले. ते प्रश्न ऐकल्यावर त्या "काही करीत नाहीत" असे कोणी म्हणू शकले नसते.