बंदर चुकलं, बिल वाढलं : क्रूझबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रूझवरून परतलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोला. जेवणाचं कौतुक संपलं, की तक्रारी सुरू होतात. बंदर रद्द झालं म्हणजे ‘कंपनीने पैसे वाचवले’, दुकान बंद दिसलं तर ‘यांना धंदा करायचा नाही’, सर्व्हिस चार्ज कापला की ‘ही तर लूट’. 2024 मध्ये जगभरात सुमारे 3 कोटी 46 लाख लोकांनी समुद्रावरची क्रूझ केली, तेव्हा अशा तक्रारींना तोटा नाही. गंमत अशी, की समुद्राने किंवा कायद्याने लादलेल्या गोष्टींसाठी कंपनी शिव्या खाते आणि तिने स्वतःच्या फायद्यासाठी ठरवलेल्या गोष्टी मात्र ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिल्या जातात. कोणता निर्णय नेमका कोणाचा, ते पाहू.

गैरसमज 1 : पैसे वाचवण्यासाठी ऐनवेळी बंदर रद्द करतात.

वस्तुस्थिती : कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज किनाऱ्यापासून दूर उभं राहतं आणि प्रवासी ‘टेंडर’ म्हटल्या जाणाऱ्या लहान बोटींतून किनाऱ्यावर जातात. जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडतो आणि टेंडर तिथे येऊन टेकते. समुद्र खवळलेला नसला, नुसत्या लांब लाटा असल्या, तरी ती हात-दीड हात वरखाली होत राहते. खलाशी दोन्ही बाजूंनी प्रवाशाचे दंड धरतात आणि टेंडर पातळीला आली, की त्याला पलीकडे सोडतात. तरण्या माणसाला यात मजा वाटते. पण काठी टेकत आलेल्या सत्तरीच्या आजोबांचा पाय फटीत सापडला तर? धक्का असलेल्या बंदरातही वारा आडवा येतो, कारण पंधरा-अठरा मजली जहाजाची बाजू शिडासारखी वारा झेलते.

अशा वेळी शेवटचा शब्द कप्तानाचा. सुरक्षिततेच्या निर्णयात मालकाने त्याच्या आड येऊ नये, असं आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ करारातच लिहिलं आहे. समुद्राचं ऐकलं नाही तर काय होतं, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई-गोवा फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज 2023 च्या पावसाळ्यात चेन्नई-श्रीलंका मार्गावर गेलं, ते काही उगाच नव्हे.

पैशाचं म्हणाल, तर बंदर रद्द झाल्यावर कंपनीला आपण विकलेल्या सहलींचे पैसे परत करावे लागतात आणि त्यातली तिची कमाई बुडते. बंदरशुल्कही सहसा प्रवाशाच्या खात्यात परत जमा होतं. पण त्यापलीकडे भरपाई मिळत नाही, कारण मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने तिकिटाच्या करारात आधीच राखून ठेवलेला असतो. भांडायचंच असेल तर या कलमाशी भांडा, कप्तानाशी नको.

गैरसमज 2 : अलास्काच्या क्रूझमध्ये कॅनडातलं व्हिक्टोरिया नुसतं यादी वाढवायला घालतात.

वस्तुस्थिती : अलास्काची सहल आता मराठी सहल कंपन्यांच्याही यादीत असते. सिएटलहून निघणारं जहाज अनेकदा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला लागतं, तेही जेमतेम काही तास. अंधार पडत आलेला, बागा बघायच्या राहून गेलेल्या, प्रवासी वैतागतात. या थांब्याचं मूळ 1886 च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्याच बंदरांमधून प्रवासी फिरवायचे असतील, तर वाटेत किमान एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. 2021 मध्ये महामारीमुळे कॅनडाने बंदरं बंद केली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकी संसदेला खास सवलतीचा कायदा करावा लागला. थांबा हवा हे कायदा ठरवतो. तो संध्याकाळी आणि इतका आखूड ठेवायचा, हे मात्र कंपनी ठरवते.

गैरसमज 3 : बंदरात कॅसिनो आणि दुकानं बंद ठेवतात, म्हणजे आळस.

वस्तुस्थिती : जहाज धक्क्याला असताना तिथला जुगाराचा आणि करांचा कायदा लागू होतो. करमुक्त माल बंदरात असताना विकता येत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, दूर गेल्यावर देशाची सागरी हद्द संपते. म्हणून दिवे पेटतात ते जहाज सुटल्यावर.

गैरसमज 4 : पत्रिकेत ‘व्हेनिस’ छापलंय, म्हणजे जहाज व्हेनिसलाच लागणार.

वस्तुस्थिती : 1 ऑगस्ट 2021 पासून इटलीने 25,000 टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुडेका कालव्यातून जायला बंदी केली. सान मार्को चौकासमोरून डौलात जाणारी महाकाय जहाजं त्या दिवसापासून दिसेनाशी झाली. आता अनेक जहाजं रावेन्नाला लागतात आणि तिथून व्हेनिस बसने दोन तासांहून अधिक लांब आहे. बंदी सरकारची, पण मोठ्या अक्षरात ‘व्हेनिस’ आणि कंसात बारीक ‘रावेन्ना’ छापायचं, हा निर्णय निखळ कंपनीचा. राग इथे काढला तर तो योग्य जागी लागेल.

गैरसमज 5 : कंपनी अमेरिकेची, म्हणजे दाद कुठेही मागता येते.

वस्तुस्थिती : रॉयल कॅरिबियनचं मुख्यालय मायामीत, कंपनीची नोंदणी लायबेरियात आणि बहुतेक जहाजांवर झेंडा बहामाचा. हा सगळा प्रकार कायदेशीर आहे आणि कर व कामगार कायदे सोयीचे पडावेत म्हणून मुद्दाम केलेला आहे. दाद कुठे मागायची, तेही तिकिटावरच्या बारीक अक्षरात असतं. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजावर पडून जखमी झालेल्या एका महिलेने आपल्या वॉशिंग्टन राज्यात दावा लावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1991 मध्ये निकाल लागला, की तिकिटावर फ्लोरिडा लिहिलं आहे, तेव्हा दावा फ्लोरिडातच लावायचा. अमेरिकी नागरिकाची ही कथा. ठाण्याहून गेलेल्या कुटुंबाने काय ते समजून घ्यावं.

गैरसमज 6 : तिकीट काढलं की सगळं आलं; नाही पटलं तर पुढच्या वेळी दुसरी कंपनी.

वस्तुस्थिती : कार्निव्हल समूहाचं 2024 चं उत्पन्न सुमारे 25 अब्ज डॉलर होतं. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग जहाजावरची विक्री आणि तत्सम खर्चातून आला. दारू, वायफाय, कॅसिनो, स्पा, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली, सगळं त्यात. म्हणजे स्वस्त तिकीट हा औदार्याचा भाग नाही. उरलेली वसुली जहाजावर होणार, हे धरूनच ते लावलेलं असतं.

आणि दुसरी कंपनी कोणती? कोस्टा, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, आयडा ही सगळी नावं कार्निव्हल समूहाचीच. सेलिब्रिटी रॉयल कॅरिबियन समूहात आणि ओशियानिया नॉर्वेजियन समूहात. कार्निव्हलला धडा शिकवायला प्रिन्सेसचं तिकीट काढलं, तर पैसे त्याच गल्ल्यात जातात.

गैरसमज 7 : सर्व्हिस चार्ज काढून टाकला की कंपनीला चाप बसतो.

वस्तुस्थिती : मोठ्या अमेरिकी कंपन्यांमध्ये साध्या केबिनला हा आकार माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर पडतो, चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे 450 ते 560 डॉलर. रक्कम डोळ्यांत खुपते, हे खरं. पण ती केबिन आवरणारे, वाढपी आणि पडद्यामागे राबणारे यांच्या कमाईचा भाग असते. त्यांत गोव्याची माणसं पुष्कळ. तिथली कितीतरी घरं जहाजावरच्या पगारावर उभी आहेत. हे लोक सहा ते नऊ महिने साप्ताहिक सुटीशिवाय काम करतात. खलाशांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आठवड्यात किमान 77 तास विश्रांती देतो. याच हिशेबाने उरलेले 91 तास काम करून घेता येतं. पगार थेट तिकिटात न धरता वेगळा वसूल करायचा, ही युक्ती कंपनीची आहे. आकार काढून टाकल्यावर झळ मात्र पोचते ती केबिन आवरणाऱ्याला.

तेव्हा तिकीट काढण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घ्या : सर्व्हिस चार्ज आणि करांसह पूर्ण रक्कम, जहाज प्रत्यक्ष लागणार त्या बंदराचं नाव, बंदर चुकलं तर नेमके किती पैसे परत मिळतील आणि तक्रार कोणत्या देशात करायची. एजंटाला यातलं काही सांगता आलं नाही, तर कंपनीचा करार मागा आणि तो वाचल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. वादळाला जाब विचारता येत नाही. पण ज्या कलमांवर आपण न वाचता सही करतो, त्यांचा जाब सहीआधी नक्की विचारता येतो.